फलकावरचा कागद

विद्यापीठाच्या कर्मचारी परिषदेत काय ठरलं, ते सचिव नासीरभाई दर महिन्याला फलकावर लावायचे. संध्याकाळपर्यंत कागद गायब! शेवटी त्यांनी पाळत ठेवली. सफाईच्या प्रमिलाबाई कागदाची घडी करून पिशवीत घालत होत्या.

"अक्का, तुम्ही?"

"मला वाचता नाही येत, भाऊ. घरी नात वाचते, मी ध्यानात ठेवते. सकाळी झाडता झाडता बठ्ठ्यांना, एकूण एकाला, सांगते."

कागद गायब होऊनही गेल्या महिन्याचा रजेचा निर्णय माळ्यांपर्यंत कसा पोचला, ते नासीरभाईंना आत्ता कळलं.

वार्षिक अहवालात 'माहिती कशी पोचवली' या रकान्यापुढे ते दरवर्षी 'सूचना फलक' लिहीत. यंदा लिहिलं, 'प्रमिलाबाईंमार्फत. त्यांचे मनापासून आभार.'

अहवाल फलकावर लागला आणि पिशवीतून पिंप्राळ्याला प्रमिलाबाईंच्या घरी गेला. दुसऱ्या दिवशी दहापर्यंत तो सगळ्यांना तोंडपाठ होता. आभाराची ओळ मात्र कोणालाच माहीत नव्हती.