उरलेले आठ पत्रे

हवामान खात्यात बसून मी सकाळपासून अख्ख्या किनाऱ्याला सावध करत होते. ऐकत नव्हता तो एकच माणूस, माझा बाप.

“मागच्या वादळात वारा ऐंशीचा होता, दोन पत्रे उडाले,” बाबा फोनवर म्हणाले. “आता एकशे साठचा येतोय, म्हणजे दुप्पट. चार उडतील. त्यात काय एवढं?”

“अहो बाबा, वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो!”

“बरं, चौपट. म्हणजे आठ.” पलीकडे बोटांवर हिशेब चालला होता. “छपराला पत्रे सोळा. उरले आठ. त्या आठांखाली खाट सरकवतो. तू उगाच डोकं खाऊ नकोस.”

मी कपाळावर हात मारला, ऑफिसची गाडी काढली आणि त्यांना दंडाला धरून शाळेच्या पक्क्या इमारतीत आणून बसवलं. वादळ सरेपर्यंत ते माझ्याकडे पाठ करून बसले.

वारा पडल्यावर आम्ही घरी गेलो. नुसत्या भिंती उभ्या होत्या. सोळातला एकही पत्रा जागेवर नव्हता. खाट शेजाऱ्यांच्या विहिरीत पडली होती.

बाबा बराच वेळ मान वर करून उघड्या आभाळाकडे बघत राहिले. मला वाटलं, चला, आता तरी पटलं.

मग ते माझ्यावरच खेकसले, “आठ जातील म्हणाली होतीस ना? तुझ्या भरवशावर राहिलो असतो तर मेलोच असतो!”