तीन पेड

दाराशी येऊन ती थांबली. नव्या सँडलांचा आवाज तिच्या आधीच जिना चढून वर आला होता.

"कोण आहे?" आतून नवऱ्याने विचारले.

हा प्रश्न त्याने तिला कधीच विचारला नव्हता. तिची जुनी चप्पल जिन्याच्या वळणावर फरफटली, की तो खुर्चीतूनच "आलीस?" म्हणायचा. डोळे गेल्यापासून त्याचे सारे जग असल्या बारीकसारीक आवाजांवर उभे होते.

"मीच," ती म्हणाली. आवाज तिचा स्वतःचाच, पण तिलाच तो उसना वाटला.

सकाळी बाजारात एका दुकानाच्या काचेत तिला समोरून एक बाई येताना दिसली होती. थकलेली, गबाळी, खांदे पडलेली. तिला वाट द्यावी म्हणून ती बाजूला सरली, तर ती बाईही सरली. बरोबरच्या नणंदेला आधी हसू आवरेना. मग ते आपोआप ओसरले. "वहिनी, दादाला दिसत नाही. जगाला दिसतं," एवढेच बोलून तिने हाताला धरून तिला केस कापायच्या दुकानात नेले, आणि तिथून कपड्यांच्या.

वेणी काही एका झटक्यात तुटली नाही. जुन्या दोरासारखी ती कात्रीखाली कुरकुरत राहिली. केस कापणाऱ्या पोरीने ती कागदात गुंडाळून तिच्या हाती दिली. इतकी निगुतीने घातलेली वेणी केराच्या टोपलीत टाकायला तिचा जीव होईना म्हणे. "आता घरचे ओळखायचे नाहीत तुम्हाला, काकू," ती चेष्टेने म्हणाली. नणंदेने मान वळवली. ती मात्र हसली, आणि आरशातल्या त्या हलक्या मानेच्या, मोकळ्या कपाळाच्या बाईने तिला हसून उत्तर दिले. असे कोणी तिच्याकडे पाहून हसल्याला युगे लोटली होती. घरी येताना वाटेतल्या एकाही काचेला तिने चुकवले नाही.

वेणी रोज कोण घालते, हे कात्री लागेपर्यंत आपल्या ध्यानातच आले नाही, असे ती जिना चढताना स्वतःला बजावत आली होती.

तो शिंपी होता. मशीन कधीच विकले गेले होते. पण रोज सकाळी तो तिला पुढ्यातल्या बुटक्या स्टुलावर बसवी, मापाला उभ्या केलेल्या गिऱ्हाइकाला सांगावे तसे "मान सरळ ठेव" म्हणे, आणि तिची वेणी घाली. घट्ट, कपाळ ओढून धरणारी, एकही केस बाहेर न सोडणारी. पिकत चाललेल्या बाईच्या पाठीवर शाळकरी मुलीची वेणी. पुढच्या साऱ्या दिवसात त्याच्या हातांना दुसरे काही काम नसे.

"जवळ ये," तो म्हणाला.

ती गेली. त्याची बोटे आधी बाहीला लागली. त्याने शिवण उलटून दोन बोटांत धरली, चुरगळून पाहिली.

"तयार कपडा. आत माया ठेवलेलीच नाही. उद्या अंगाला घट्ट झाला तर उसवून वाढवणार कुठून?"

"छान दिसतो म्हणाल्या वन्सं."

"दिसत असेल."

मग त्याचा हात खांद्यावरून मागे गेला. पाठीवरून कमरेपर्यंत उतरला, आणि तिथे काही न सापडल्याने पुन्हा वर चढू लागला. सवयीच्या जिन्याची एक पायरी कोणी काढून नेल्यावर पाऊल जसे हवेत चाचपडते, तसा. मानेपाशी आखूड केसांची टोके त्याच्या तळव्याला टोचली. हात तिथेच राहिला.

"अहो, केसच ते," ती म्हणाली. "वाढतील पुन्हा."

तो रागावला असता तर तिला बरे वाटले असते. सकाळपासून तिने उत्तरे तयार केली होती ती रागासाठीच. मलाही वाटतं, मीही माणूस आहे, दिवसभर बाहेर मीच वावरते. त्यातले एकही चुकीचे नव्हते.

"मग सकाळी मी काय करू?" त्याने विचारले. रस्ता चुकलेल्या माणसाने वाटेतल्या कोणालाही विचारावे, तसे.

तिने पिशवीत हात घातला. ती पुडी कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकायची, असे तिने ठरवले होते; तिथे ती क्षणभर थांबलीही होती. आता तिने ती त्याच्या मांडीवर ठेवली.

कागद उलगडताच त्याच्या बोटांनी आपले काम ओळखले. सकाळी स्वतःच लावलेले रबर त्याने काढले. वेणी खालून वर, सावकाश सोडवली. वरचे, त्या पोरीने बांधलेले टोक गुडघ्यांत घट्ट धरले आणि केस विंचरावेत तशी बोटे त्यांतून फिरवली. मग तीन पेड वेगळे केले.

"मान सरळ ठेव," तो म्हणाला.

दोन हात अंतरावर, नव्या सँडलांत उभ्या असलेल्या तिने मान सरळ केली.