तिसऱ्या दिवसाची पट्टी

आप्पासोंच्या छातीवरची पट्टी बदलून रत्नाबाई खाटेशेजारच्या खुर्चीत टेकल्या आणि नवऱ्याचे श्वास मोजू लागल्या. मिनिटाला चौदा. ठीक होतं.

कर्करोग हाडांत उतरला होता. गोळ्या पोटात ठरेनात, म्हणून डॉक्टरांनी दुखणं मारणाऱ्या औषधाची पट्टी दिली होती. दर तिसऱ्या दिवशी जुनी काढायची, नवी लावायची. "झोप वाढली, श्वास मंदावला, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर लगेच फोन करा," असं त्यांनी बजावलं होतं. जुन्या पट्टीचं काय करायचं, ऊब का टाळायची, असं आणखीही बरंच सांगितलं होतं, पण रत्नाबाईंनी तेवढंच मनात धरलं.

त्यांचं देवाकडे एकच मागणं होतं. हा माणूस जाईल तेव्हा आपण जागं असावं, त्याचा हात आपल्या हातात असावा. सासूबाई गेल्या तेव्हा त्या उतू जाणाऱ्या दुधाकडे धावल्या होत्या. दूध वाचलं, सासू एकटी गेली. ते अजून सलत होतं.

पण हल्ली झोप फार येई. धिप्पाड माणसाला दिवसातून चारदा कुशीवर वळवायचं, म्हणजे कंबर बोलणारच. त्यासाठी दवाखान्यात पैसे घालणाऱ्यांपैकी रत्नाबाई नव्हत्या. टूथपेस्टची ट्यूब लाटण्यानं लाटून घेणारी बाई ती. कमरेचं त्यांनी घरच्या घरी बघितलं होतं. पाठीशी गरम पाण्याची पिशवी घेतली की दुखणं कुठल्या कुठं पळे.

"रत्ना, पड की जरा," आप्पासो म्हणाले. "मी काय पळून चाललोय व्हय?"

"तुमचा काय भरवसा न्हाय."

आप्पासो हसले. आज त्यांचा आवाज स्वच्छ होता, सकाळी वाटीभर पेजही मागून घेतली होती. रत्नाबाईंनी खुर्ची खाटेच्या आणखी जवळ ओढली. विझायच्या आधी दिवा मोठा होतो म्हणतात.

दुपार संथ झाली. खिडकीतल्या उन्हात धुळीचे कण तरंगत होते. बघता बघता त्यांचं धुकं झालं, पन्हाळ्यावरचं. लग्नानंतर आप्पासोंनी एसटीनं नेलं होतं, तेव्हाचं. ते पुढे चालत होते. पांढरा सदरा दिसायचा, नाहीसा व्हायचा.

"थांबा की वो," रत्नाबाई म्हणाल्या. ते थांबले. धुकं गार नव्हतं, उबदार होतं. ते खोलीत आलं, खाटेखाली शिरलं.

श्वास मोजायचे राहिले. एक. पुढचा येता येईना. रत्नाबाई वाट बघत राहिल्या. दोन.

फोन करायला हवा होता, पण फोन टेबलावर होता आणि टेबल धुक्यापलीकडे. त्यांनी हात पुढे केला. हातात हात आला. कुणी कुणाचा धरला ते कळलं नाही, पण फार बरं वाटलं. म्हणजे आपण वेळेवर जाग्या आहोत.

मग रोहिणीचा आवाज आला. लेक रोज संध्याकाळी कामावरून परस्पर इकडे यायची. ती फोनवर रडत बोलत होती. "डॉक्टर, श्वास लई मंद झालाय. हाका मारल्या तरी डोळं उघडंनात. बाहुल्या अगदी टाचणीएवढ्या हायत वो."

रत्नाबाईंना वाईट वाटलं, भीती मात्र वाटली नाही. पोरीला सांगावं, रडू नको, मी हात सोडला न्हाय. पण ओठ हलेनात.

जिन्यावर पावलं वाजली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आत आली आणि सरळ खाटेकडे वळली.

"मला न्हवं," आप्पासो कोपरावर रेटून उठले. त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला होता. "हिला घ्या."

रोहिणीनं खुर्चीतल्या आईला पुढं वाकवलं आणि पाठीमागची गरम पिशवी ओढून काढली. कमरेवर, आप्पासोंच्या छातीवरून काढलेल्या तीन पट्ट्या ओळीनं चिकटवलेल्या होत्या.