अध्यक्षांची हरकत

"एनी ऑब्जेक्शन, मिस्टर चेअरमन?" थोरल्याने टेबलाच्या टोकाला असलेल्या रिकाम्या खुर्चीला विचारलं. खुर्ची काही बोलली नाही. थोरल्याने खुर्चीकडे न बघताच मान डोलावली आणि म्हणाला, "ठराव मंजूर."

इंग्रजी शिकवायला आलेल्या बाई फळ्यापाशी मार्कर धरून तशाच उभ्या राहिल्या. उद्या कुलपांचा हा कारखाना विकत घ्यायला परदेशी माणसं यायची होती. त्यांच्यासमोर संचालक मंडळाची बैठक झोकात इंग्रजीत व्हावी, म्हणून आज रंगीत तालीम. मंडळ म्हणजे तरी कोण, भाऊ आणि बहीण. थोरल्याला कारखाना विकायचा होता, धाकटीला नव्हता. मतं सारखी पडली की अध्यक्षांचं मत निर्णायक. फळ्यावर बाईंनी मघाशीच लिहिलं होतं, कास्टिंग व्होट.

"पण अध्यक्ष तर..." बाई चाचरल्या.

"आमचे आबा. गेले ते," धाकटी म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत ना, प्रायव्हेट लिमिटेड असो की पब्लिक, कंपनी म्हणजे कायद्याने वेगळी व्यक्ती, मालक गेला तरी ती मरत नाही? आमच्याकडे मालकसुद्धा जात नाही."

ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. मेलेल्या माणसाला मत नसतं, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण आबांच्या हयातीत या खोलीत त्यांच्याशिवाय पान हललं नव्हतं. आबा तोंडाने कधी 'नाही' म्हणत नसत. एखादी गोष्ट पटली नाही, की ती फिरती खुर्ची शांतपणे खिडकीकडे वळवायचे. पाठ दिसली की विषय संपला. ते गेल्यावर दुसरा अध्यक्ष कोण, यावर भावाबहिणीचं जमेना, म्हणून खुर्ची तशीच राहिली. खुर्चीला विचारायचं, ती जागची हलली नाही की आबांची हरकत नाही, हा रिवाज थोरल्याने पाडला. खुर्ची कधीच हलली नाही.

कुलपांचे भाग ओतायची ओतशाळा बंद झाली तेव्हा नाही, निदान थोरल्याने तसं सांगितलं. जुने कारागीर घरी पाठवले तेव्हाही नाही. त्यातल्या एकाने धाकटीच्या हातात पहिली कानस दिली होती. दर वेळी ती विरोधात बोलली आणि दर वेळी खुर्ची टेबलाकडे तोंड करून गप्प बसली. आपला बाप आपल्या बाजूचा नव्हता, हे तिने हळूहळू गिळून टाकलं होतं. लोक मात्र थोरल्याचं कौतुक करत. या खोलीची किल्ली तो कंबरेलाच ठेवी. बापाची खुर्ची स्वतः पुसतो, कोणाला हात लावू देत नाही, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं म्हणे.

"उद्या त्या लोकांसमोर खुर्चीला विचारून चालणार नाही हो," बाई म्हणाल्या.

"उद्या कशाला विचारतोय? आत्ता विचारलं की." थोरल्याने कागद बहिणीपुढे सरकवले. "आबा हो म्हणालेत. तू सही कर म्हणजे सुटलो."

धाकटीने पेन उचललं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचं तिने सोडून दिलं होतं.

"थांबा, आधी वाक्य तरी नीट होऊ दे," बाई म्हणाल्या. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं आणि शिकवण्याशिवाय दुसरं काही सुचेना. "ऑब्जेक्शनचा उच्चार पुन्हा एकदा."

थोरल्याने कपाळ पुसलं. "एनी ऑब्जेक्शन, मिस्टर चेअरमन?"

टेबलाखाली काहीतरी बारीक खळखळलं. मघाशीही असंच वाजलं होतं, पण बाईंना वाटलं होतं, थोरल्याच्या किल्ल्या असतील. किल्ल्यांचा जुडगा तर आता समोर टेबलावर पडला होता. बाईंच्या हातून मार्कर सुटलं आणि घरंगळत टेबलाखाली गेलं. टेबलावरचं हिरवं कापड जमिनीपर्यंत लोंबत होतं. बाईंनी ते वर केलं, वाकल्या, आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"खुर्चीला साखळी कशाला?" त्यांनी खालूनच विचारलं. "टेबलाच्या पायाला बांधलीय. कुलूपही आहे, तुमच्याच कारखान्यातलं."

"चोरीला जाऊ नये म्हणून," थोरला घाईने म्हणाला.

"आबांची खुर्ची कोण चोरणार?" धाकटी म्हणाली.

बाई सावकाश उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "साखळी सैल नाहीये," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "ओढून धरल्यासारखी ताणली आहे. आणि खुर्चीजवळ तर कोणीच नाही."

पंखा बंद होता. खिडकी लावलेली होती. खोलीत कोणी हललं नाही. धाकटीने पेन खाली ठेवलं आणि भावाकडे बघत राहिली. लहानपणी काही फोडलं की तो असाच नखं खात उभा राहायचा.

"दादा, कधी बांधलीस?"

थोरला खाली मान घालून बसला. बोलला तेव्हा त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"ओतशाळेच्या मीटिंगनंतर. तू तावातावाने नको म्हणून निघून गेलीस. मग मी आबांना विचारलं, आणि खुर्ची खिडकीकडे फिरली."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर," थोरला म्हणाला, "तू नको म्हणालीस, की दर वेळी साखळी ताणली जाते."