रविवारची बस

रजईची खोळ काही केल्या निघेना. हेन्निंग वीखर्टने ती एका कोपऱ्याला धरून झटकली, मग दोन कोपऱ्यांना धरून झटकली, शेवटी डोकं आत घालून रजईच ओढायला लागला. तोवर फेन्याने आपली चादर, खोळ आणि अभ्रा काढून, घड्या घालून दाराशी ठेवूनही दिल्या होत्या. अकरा वर्षांची पोर.

"पप्पा, आधी बटणं सोडायची असतात."

"आमच्या वेळी ही भानगडच नव्हती." तो घामाघूम होऊन बाहेर आला. "घरून चादरीची शिवलेली पिशवी आणायची, तिच्यात शिरायचं, वरून होस्टेलची घोंगडी. झालं."

तशा दोन पिशव्या त्याने यंदाही माळ्यावरून शोधून, धुऊन आणल्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी हे डोंगरातलं सहलीचं होस्टेल सांभाळणाऱ्या क्नीपबाईंनी त्या बघून हसू दाबलं आणि टेबलावर पांढऱ्याशुभ्र चादरींचे दोन गठ्ठे ठेवले. बाहेरचं अंथरूण आता चालत नाही म्हणे. फेन्याला ते ठाऊक होतं, शाळेच्या सहलीत ती अशाच एका होस्टेलात राहिली होती. सहल कुठे गेली होती, हे हेन्निंगला ठाऊक नव्हतं. पंधरवड्यातून दोन दिवस वाट्याला येणाऱ्या बापाला काय काय ठाऊक असणार?

चादरी खालच्या टोपलीत टाकून, किल्ली देऊन दोघं फाटकाबाहेरच्या थांब्यावर आली. दहा वाजून दहाची बस, मग खाली गोस्लार स्टेशनातून पावणेअकराची आगगाडी.

हेन्निंगच्या सॅकमध्ये सिल्केने दिलेला कागद होता. सिल्के, म्हणजे फेन्याची आई, आता आलर्स नावाच्या माणसाची बायको झाली होती. पोरीचंही आडनाव वीखर्टचं आलर्स करायचं होतं आणि त्याला बापाची सही लागत होती. शुक्रवारी निघताना फलाटावर सिल्केने कागद हातात ठेवला तेव्हा हा ताठ्यात म्हणाला होता, "मी पोरीलाच विचारीन. ती नको म्हणाली तर मेलो तरी सही करणार नाही." नंतर दोन दिवस डोंगर चढून झाले, पत्ते कुटून झाले, सफरचंदाचा केक दोनदा खाऊन झाला. विचारायचं तेवढं राहिलं. खरं म्हणजे त्याची छातीच झाली नाही.

आता मात्र दहाच मिनिटं उरली होती.

"फेनी, तो कागद आहे ना, आईने दिलेला."

"हं."

"काय करू त्याचं?"

"आई म्हणाली होती, तू विचारशील." ती खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी चांगली बांधलेली होती.

"आईचं सोड. तू सांग."

"तू म्हणशील तसं, पप्पा."

हेन्निंगच्या छातीवरची धोंड उतरली. माणसाला जे ऐकायचं असतं ते तो कशातूनही ऐकतो. "मग नाहीच करत सही," तो म्हणाला. "वीखर्ट ते वीखर्ट." फेन्याने दुसरीही नाडी सोडून पुन्हा बांधली.

खुशीत येऊन त्याने थांब्यावरचं वेळापत्रक वाचायला घेतलं आणि त्याचं बोट एका ओळीवर अडलं. दहा-दहाच्या बसपुढे टेलिफोनचं इवलंसं चित्र होतं. रविवारी ही बस आपण होऊन येतच नाही. आदल्या संध्याकाळी सहाच्या आत फोन करून नाव आणि माणसं सांगायची, तरच येते. इथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. शहरात ट्रामने हिंडणाऱ्या हेन्निंगने ते चित्र शुक्रवारी बघितलं होतं आणि त्याला ते कुठल्या तरी दुकानाच्या जाहिरातीचं वाटलं होतं.

म्हणजे आगगाडी चुकणार. 'तुला पोर वेळेवर आणूनसुद्धा देता येत नाही' हे सिल्केचं वाक्य त्याला पाठ होतं.

"मी केलाय फोन," फेन्या म्हणाली. "काल, तू आंघोळीला गेलेलास तेव्हा."

"मला बोलली का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

त्याला वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त कौतुक वाटलं. माझ्या आईवर गेली पोरगी, तो मनात म्हणाला. त्याची आईही अशीच, गाजावाजा न करता सगळं निभावून न्यायची.

वळणावरून बस म्हणून आठ माणसांची पांढरी गाडी आली. चालवणाऱ्या बाईने काच खाली केली आणि मांडीवरच्या यादीवर बोट ठेवलं.

"आलर्स? दोघं, गोस्लार स्टेशन?"

"नाही," हेन्निंग म्हणाला. "वीखर्ट."

"वीखर्ट नाहीत माझ्याकडे. इथून फक्त आलर्स आहेत. फोन केला नसेल तर मला घेता येत नाही हो, नियम आहे."

हेन्निंगने वळून बघितलं. फेन्या कानापर्यंत लाल झाली होती.

"सवयीने आलं तोंडात," ती म्हणाली. तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "शाळेत सगळे तेच म्हणतात, पप्पा. कधीपासून."

बाईने घड्याळ बघितलं. "काय ते लवकर ठरवा. खाली आणखी दोन थांबे आहेत मला."

हेन्निंगने फेन्याची बॅग उचलून गाडीत ठेवली, मग आपली. सरकतं दार धरून तो तसाच उभा राहिला.

"आम्हीच," तो म्हणाला.

"मग आधीच सांगायचं ना." बाईने यादीवर खूण केली. "बसा, आलर्ससाहेब. आणि पट्टा लावून घ्या."

हेन्निंगने पट्टा लावला.