आधी कुणाचे पाय

सून बोलता बोलता एक गोष्ट गाळून पुढे गेली आणि पहिल्या बाकावर बसलेल्या सासूबाईंचे कान टवकारले.

चर्चमधल्या बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. येणार कसं? पंथाचा इतिहास म्हणजे लोकांना लग्नातल्या भाषणासारखा, संपला की बरा. पण सुनेला पाळक व्हायचं होतं. त्यासाठी आपला पंथ कुठून आला, कशावरून वेगळा झाला, हे मंडळीसमोर उभं राहून सांगावं लागतं, आणि मग सगळ्यांच्या देखत एकाचे पाय धुवावे लागतात. वर्षभर ती स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचून पाठ करत होती. सासूबाई भाजी निवडत ऐकत होत्या. शाळा चार यत्तांची, पण कानात गेलेलं कधी बाहेर सांडलं नाही.

म्हणून त्यांना कळलं. भाषणात नदीकाठी चोरून जमलेली ती पहिली माणसं आली, त्यांचा तुरुंग आला, उपास आले. त्यांनी घालून दिलेला पाय धुण्याचा नियम मात्र आला नाही. ज्याच्याविषयी मनात काटा आहे, त्याचेच पाय आधी धुवा, असा तो नियम. पुढच्यांनी तो सोयीनं विसरून टाकला. आता बायका आपापल्या मैत्रिणी गाठतात आणि धुतलेलेच पाय पुन्हा धुतात.

घरी हीच ओळ सुनेनं दोनदा वाचली होती. मग आज का गिळली?

"छान बोलते हो तुमची सून," शेजारची शिवणवाली कुजबुजली.

"बोलायला काय जातंय? न बोललेलं ऐका."

शिवणवालीला काही कळलं नाही. तिला कळावं अशी सासूबाईंची अपेक्षाही नव्हती.

भाषण संपलं. पाळक म्हणाले, "आता पाय धुणं. कुणाचे, ते बाई, तुमचं तुम्ही ठरवा."

सुनेनं कमरेला टॉवेल बांधला आणि पाण्याचं पसरट भांडं उचललं. सासूबाईंची नजर बाकांवरून फिरू लागली. कुणाचा काटा असेल? ही शिवणवाली असेल. सुनेचा नवा कोट आखूड करून ठेवला होता, आणि वर म्हणाली होती, कोट तेवढाच आहे, तुम्ही उंच झालात. नाहीतर ती ऑर्गन वाजवणारी, जिच्या तोंडाला कुलूप नाही. नाहीतर आपली धाकटी जाऊ. तिच्याशी तर भिंतसुद्धा भांडेल. सासूबाई सावरून बसल्या. दुसरी कुणी उघडी पडताना बघायला पहिल्या बाकासारखी जागा नाही.

सून ऑर्गनवालीवरून पुढे गेली. जावेकडे तिनं बघितलंही नाही. पलीकडे पुरुषांच्या बाजूला सासूबाईंचा मुलगा एकाएकी खाली वाकून बुटांचे बंद तपासायला लागला. मघाशी तर बंद चांगले बांधलेले होते.

ह्याला माहीत होतं तर! लबाड.

भांडं सासूबाईंच्याच पायांशी टेकलं.

चर्चभर एक उसासा पसरला. "सून असावी तर अशी!" मागून कुणीतरी म्हणालं. शिवणवालीनं डोळ्यांना रुमाल लावला. सुनेची परीक्षा घ्यायला आलेले पंथाचे साहेब मान डोलवत होते, आणि जावेचं तोंड तर कारलं चावल्यासारखं झालं. इतका मान सासूबाईंना त्या बाकावर आजवर कधी मिळाला नव्हता. तो मान नव्हे, हे फक्त दोन बायकांना आणि बुटांत डोकं घातलेल्या एका पुरुषाला ठाऊक होतं.

पाय मागे घ्यावा, तर लोक विचारणार, का? पुढे करावा, तर कबूलच केल्यासारखं. आणि ती ओळ गाळली ती माझी लाज राखायला, की ही चपराक मला एकटीलाच लागावी म्हणून? सासूबाईंनी सुनेच्या तोंडाकडे निरखून बघितलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. एवढं कोरं तोंड ठेवायला ही शिकली कुठे? माझ्याच घरात, दुसरं कुठे.

त्यांनी उजवा पाय पुढे केला.

पाळकांनी गीत धरलं, मंडळी उभी राहून गाऊ लागली. त्या आवाजाच्या आडोशाला सासूबाई खाली वाकल्या. लोकांना वाटलं, आशीर्वाद देताहेत.

"कोणती गोष्ट गं?" ओठ न हलवता त्यांनी विचारलं.

"कसली, आई?"

"सोंग करू नकोस. काटा. कोणता?"

सुनेचे हात थांबले नाहीत. टाच झाली, घोटा झाला, बोटांच्या बेचक्या झाल्या. कुठे घाई नाही, कुठे जोर नाही. पाय पुसताना तिनं पहिल्यांदा मान वर केली.

"एक नाही, आई. सगळे सांगेपर्यंत पाणी गार होईल."

गीताचं शेवटचं कडवं संपलं. लोक खाली बसले. सासूबाईंनी डावा पाय सावकाश चपलेतून काढला, भांड्यात ठेवला, आणि पाठ ताठ करून शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"आत किटली ठेवा गं कुणीतरी. आम्हाला वेळ लागणार आहे."