लंगडायची पाळी

स्वान्सीच्या इस्पितळात गुडघेदुखीच्या नव्या औषधाची चाचणी सुरू होती. डॉक्टरीणबाई दर महिन्याला बजावायच्या, "आकड्यांवर लक्ष आहे माझं. गुण येतोय असं दिसलं की चाचणी थांबवू, आणि येतच नसेल तरी थांबवू."

चाचणीत औषध घेणाऱ्या डिलिसला मात्र ती थांबायलाच नको होती. तपासणीनंतरचा चहा, वेल्श केक आणि मैत्रिणींच्या कुचाळक्या, त्यावर तर तिचा महिना निघायचा.

म्हणून तिनं आजही सगळ्यांना आधीच जिन्यात गाठलं. "निम्म्या जणींनी बरं वाटतंय म्हणायचं, निम्म्यांनी लंगडायचं. नेस्टा, तू लंगड."

दोन-दोन पायऱ्या एकदम चढून आलेली नेस्टा फणकारली, "मागच्या खेपेलाही मीच लंगडले होते. आज मला गुण येऊ दे की."